अध्यक्षाचं नाव अगोदर

...अन् वरून मलेच म्हणतात, "शामला, हळू बोल, खिडकी उघडी आहे!" अहो, मे महिना, नागपूरचा मे महिना, पारा शेहेचाळीसवर, खिडकी उघडी नाही ठेवायची तर काय कूलर भिंतीत चिणून टाकायचा? पण नाही! खिडकी बंद, दार बंद, बेलची तार काढून ठेवलेली, अन् कोणी दार वाजवलं की आमचे हे सरळ संडासात! बसतात तिथं नळ सोडून, अर्धा अर्धा तास! वरची टाकी रिकामी होते ना बाई! अन् आतून हळूच आवाज, "कोण होतं गं? खाकी होतं का?" आता तुम्हाले सांगते, खाकी कोणाचं नसते? पोस्टमनचं खाकी, वॉचमनचं खाकी, गॅसवाल्याचं खाकी! तो गॅसवाला भरलेलं सिलिंडर परत घेऊन गेला, अन् मी चार दिवस इंडक्शनवर भात शिजवला. काहून? तर ह्याईचं एकच पालुपद... "सारं करा, माझं नाव तेवढं नका घेऊ!"

आमचे हे म्हणजे नूपुरचे बाबा. शालिकराम लोणारे. घ्या, घेतलं मी नाव! काय आभाळ पडलं का? तर हे पाटबंधारे खात्यात छत्तीस वर्षं आवक-जावक क्लार्क होते. कोणाशी तंटा नाही, कोणाले उलटून बोलणं नाही, साहेबानं रजा नाही दिली तर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ऑफिसले गेलेला माणूस! अन् शौक म्हणाल तर एकच, रेडिओ. आपल्या सरकारी रेडिओवर दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता 'तुमची चिठ्ठी' लागते ना? पोस्टकार्ड टाकायचं, गाणं मागायचं, अन् गाण्याआधी ती बाई गोड आवाजात नावं वाचते, "मनीषनगरहून शालिकराम लोणारे, सौ. शामला लोणारे, कुमारी नूपुर लोणारे..." ते ऐकलं की ह्याईची मान अशी ताठ! गाणं कोणतं लागलं, विचारा, पत्ता नाही! गाण्यासाठी कोण ऐकून राहिलं होतं? नूपुरचं नाव ठेवलं रविवारी, अन् गुरुवारी रेडिओवर! तिच्या आज्याले तर नाव रेडिओवरूनच कळलं.

अन् एवढ्यावर थांबले का? एक श्रोता संघ काढला. मनीषनगर रेडिओ श्रोता संघ. सभासद दोनशे अकरा, इथून थेट कुहीपर्यंत धानवाल्या गावाईतले. अध्यक्ष कोण? हेच! नियमावलीबी ह्याईनंच लिहिली, अठ्ठ्याण्णव साली, लाल शाईनं. नियम क्रमांक एक, सभासदानं कोणतीही चिठ्ठी लिहो, अध्यक्षाचं नाव अगोदर, त्याच्या घरच्याईसकट, मंग स्वतःचं, मंग आपल्या घरच्याईचं. हा नियम ध्यानात ठेवा बरं, ह्यानंच पुढं आमचा घात केला.

तसं म्हटलं तर माझं काही म्हणणं नव्हतं. कारण कुहीले ह्याईची मोठी बहीण आहे, सत्यवतीबाई. डोळ्यानं जवळजवळ दिसत नाही, मोबाइलचं काही समजत नाही. पण गुरुवारी रेडिओ कानाले लावून बसते. भावाचं नाव आलं की म्हणते, "शालिक बरा आहे." अन् मंग जेवते. वीस वर्षं झाली, असंच चाललं.

तर झालं काय, मार्चमधी बातमी आली की हा संध्याकाळचा तास बंद! एक जूनपासून नागपूरचा कार्यक्रम खतम, त्या वेळेले कुठून तरी दुसरीकडून तयार कार्यक्रम येईल म्हणे. म्हणजे पाऊस-पाण्याचा इशारा नाही, धानाचा भाव नाही, हरवलेल्या माणसाची सूचना नाही, अन् चिठ्ठी तर नाहीच नाही. मंग बुद्धविहाराच्या ओसरीवर सभा भरली. रामदासपेठेतून माया मॅडम आल्या, रिटायर मुख्याध्यापिका, आवाज असा की माइक बंद पडला तरी फरक नाही पडला! "बंधूंनो आणि भगिनींनो! हा रेडिओ कोणाच्या घरचा आहे? आपल्या सगळ्यांचा! मग तो बंद करताना आपल्याला कोणी विचारलं? नाही! आपला तास राहिला पाहिजे, निवेदकांच्या रिकाम्या जागा भरल्या पाहिजेत, आणि श्रोत्यांचा माणूस कार्यक्रमाच्या समितीवर बसला पाहिजे!" टाळ्या! माझ्याबी टाळ्या! हे तर उभे राहून टाळ्या वाजवून राहिले! अन् तेवढ्यात माया मॅडम म्हणाल्या, "आपल्या आंदोलन समितीचे अध्यक्ष म्हणून मी नाव सुचवते, शालिकरामजी लोणारे! दोनशे अकरा पत्ते आहेत त्यांच्याकडे!"

तुम्हाले सांगते, टाळ्या वाजवता वाजवता हे खाली बसले. हात तसेच हवेत. अन् म्हणतात, "सारं करा, माझं नाव तेवढं नका घेऊ!"

काहून? तर पोरीसाठी. आमची नूपुर तलाठ्याची परीक्षा पास झाली. चार वर्षं! चार वर्षं लायब्ररीत घासली पोरगी, सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी डोळे लाल करून यायची, दोन वेळा एक-एक मार्कानं गेलं. तिसऱ्यांदा यादीत नाव आलं तेव्हा आम्ही तिघंही रडलो. अन् आता राहिलं फक्त एक, पोलिसांची चारित्र्य पडताळणी. घरी पोलीस येणार, विचारपूस करणार, कागद वर जाणार, मंग हातात ऑर्डर. अन् नेमकं ह्याच वेळी बापाचं नाव आंदोलनात? मलेबी धस्स झालं, खोटं कायले बोलू.

अन् त्यात तेल ओतायले आमचे शेजारी भैय्याजी! त्याईले सगळंच माहीत असते. गेटवर टेकून म्हणतात, "शालिकभाऊ, आजकल सारा रेकॉर्ड होऊन राहिला गा! फोटो निघते, नाव चढते, एकदा का नाव चढलं की फिर भूल जाओ! माझ्या साडूच्या मेव्हण्याचा पोरगा, नुसता मोर्चा पाहत उभा होता, पाहत! आजपर्यंत पासपोर्ट नाही भेटला." मी म्हटलं, "भैय्याजी, त्यानं पासपोर्टचा फॉर्म तरी भरला होता का?" तर म्हणे, "वैनी, तुम्हाले नाही समजणार." त्या दिवसापासून ह्याईची झोप गेली.

पोरगी समजावून थकली. "बाबा, चिठ्ठी लिहिणं गुन्हा आहे का? मी राज्यघटनेचाच अभ्यास केला चार वर्षं!" हे म्हणतात, "तू परीक्षेपुरता केला बेटा. मी छत्तीस वर्षं कागद इकडून तिकडे जाताना पाहिले. कागदावर नाव असलं की तो कागद कधी मरत नाही." अन् तिकडे रेडिओ बंद होणार म्हणूनही जीव तुटून राहिला! रात्रंदिवस... माया मॅडमच्या मोर्चात जायचं तर भीती, नाही गेलं तर लाज. मंग ह्याईनं काढली युक्ती. बिननावाची चिठ्ठी!

दोनशे अकरा सभासदाईले दोनशे अकरा कार्डं. मजकूर असा, 'रेडिओ केंद्राले लिहा, आमचा संध्याकाळचा तास बंद करू नका. खाली फक्त एक श्रोता असे लिहावे. कोणाचेही नाव टाकू नये.' अन् खाली सही, 'एक हितचिंतक'. अन् अक्षर ओळखू येऊ नये म्हणून लिहिलं कसं? डाव्या हातानं! आठ दिवस डायनिंग टेबलावर पडदा लावून डाव्या हातानं! मनगट सुजलं! मी पाहिलं कार्ड. मी म्हटलं, "हे वर कोपऱ्यात काय लिहिलं?" तर प्रत्येक कार्डावर... 'जा. क्र. १, म.रे.श्रो. संघ, मनीषनगर'... 'जा. क्र. २, म.रे.श्रो. संघ, मनीषनगर'... दोनशे अकरापर्यंत! बिननावाच्या कार्डावर जावक क्रमांक! मी कपाळावर हात मारला. हे म्हणतात, "म्हणजे काय? जावक क्रमांकाशिवाय कागद बाहेर जाते का कुठं?" छत्तीस वर्षांचा हात तो, काय करणार!

बरं, टाकायची कुठं? एका पेटीत टाकली तर पकडतील म्हणे. थोडी मनीषनगरले, थोडी स्टेशनजवळ, थोडी रामदासपेठेत. तोंडाले दुपट्टा बांधून निघाले. आता मे महिन्यात अर्धं नागपूर तोंड बांधूनच फिरते, त्यात कोण ओळखणार? पण रामदासपेठेत पेटीत हात घातला अन् मागून खांद्यावर हात पडला. "ओ काकाजी!" पाहतात तर पोलीस! बस्स! तो म्हणाला, "काकाजी, हाडाचे डॉक्टर बसतात तो दवाखाना कुठून जायचा?" अन् ह्याईनं काय उत्तर दिलं माहीत आहे? "मी काही नाही केलं साहेब, सारं करा, माझं नाव तेवढं नका घेऊ!" तो बिचारा घाबरून दुसऱ्याले विचारायले गेला. हे घरी आले ते घामानं निथळत, अन् दोन दिवस ताक-भातावर.

मंग गल्लीत फिरले. एकेका घरी जाऊन, दारात उभं राहून, हळू आवाजात, "कोणी आलं, काही विचारलं, तर नाव सांगू नका. ना माझं, ना तुमचं. दिवस वाईट आहेत." झालं! ज्याईच्या डोक्यात काही नव्हतं, त्याईच्याही डोक्यात भीती घालून आले. कोणाले आंदोलन माहीत नाही, कोणाले रेडिओ माहीत नाही, पण सारी गल्ली भेऊन राहिली! संध्याकाळी सात वाजता दारं बंद.

अन् मंग आला तो गुरुवार. मेचा शेवटचा. शेवटचीच 'तुमची चिठ्ठी'. पावणेसहा वाजले, हे रेडिओजवळ, आवाज एवढा हळू की कान लावावा लागे, अन् दार वाजलं. हे उठले संडासाकडे... पण नूपुरनं तोवर दार उघडलं! दारात पोलीस. हातात फाइल. "नूपुर शालिकराम लोणारे इथंच राहतात का? पडताळणीसाठी आलो."

बसवलं. पाणी दिलं. मी रेडिओ बंद करायले उठली, तर हे डोळ्यानं नको म्हणाले. कानात कुजबुजले, "बंद केला तर संशय येईल!" घ्या! पोलीस तसा तरुण होता, बोलायले बरा. सगळे कागद पाहिले, लिहिलं, अन् मंग म्हणाला, "काकाजी, एक अडचण आहे. पोरीले ओळखणारे दोन शेजारी पायजे, नाव, पत्ता, सही. मी अर्धी गल्ली फिरून आलो. सारे म्हणतात पोरगी लय गुणाची. पण नाव विचारलं की दार बंद! तुमचे ते भैय्याजी तर खिडकीतूनच ओरडले, 'सारं लिहा साहेब, माझं नाव तेवढं नका घेऊ!' काय भानगड आहे इथं?" अन् पेन थांबवून त्यानं आमच्याकडे पाहिलं. दोन सह्या नाही भेटल्या तर कागद अडकला! अन् अडकवला कोणं? बापानंच!

तेवढ्यात सहा वाजले. "श्रोतेहो नमस्कार, मी नंदिनी. आज तुमच्या चिठ्ठ्यांचं पोतं आलं आहे, पण एकाही चिठ्ठीत गाणं नाही. सगळ्यांची फर्माइश एकच. आमचा संध्याकाळचा तास बंद करू नका. आणि फर्माइश आली की नावं वाचायची, ही आपली रीत आहे. तर कुहीहून चिठ्ठी पाठवली आहे... मनीषनगरचे अध्यक्ष शालिकराम लोणारे, सौ. शामला लोणारे, कुमारी नूपुर लोणारे, आणि मारोतराव, त्यांची पत्नी, सुना, नातवंडं..."

बाप्पा बाप्पा! मले वाटलं, ऐकण्यात चूक झाली. तर दुसरी चिठ्ठी! "अध्यक्ष शालिकराम लोणारे, सौ. शामला..." तिसरी! "अध्यक्ष शालिकराम लोणारे..." नियम क्रमांक एक! अध्यक्षाचं नाव अगोदर! नंतर मारोतरावाले फोनवर विचारलं ना, तर म्हणे, "वैनी, नाव टाकू नका लिहिलं होतं, खरं आहे. पण पोस्टकार्ड हाती आलं की हात आपोआप नावंच लिहिते. नाव नाही तर ते चिठ्ठी कायची? अन् जावक क्रमांकावरून समजलं ना, संघाचं काम आहे, मंग नियम कसा मोडावा?" दोनशे अकरा मोठी माणसं, अन् एकानंही नाव लपवलं नाही. लपवायचं असते हेच त्याईले माहीत नाही!

पोलिसानं पेन खाली ठेवलं. "काकाजी, हे लोणारे म्हणजे...?" हे म्हणाले, "नागपुरात लोणारे लय आहेत साहेब." रेडिओ म्हणे, "...मनीषनगर, कुमारी नूपुर लोणारे." पोलीस फाइलीकडे पाहे, रेडिओकडे पाहे, ह्याईकडे पाहे. ह्याईच्या हातातला पेला दाताले लागून कडकड वाजून राहिला. नूपुरनं माझा हात धरला, तिचा हात थंडगार, मेमधी! मले वाटलं, गेलं. पोरीची चार वर्षं गेली.

अन् मंग नंदिनीचा आवाज जरा हळू झाला. "ही चिठ्ठी कुहीच्या सत्यवतीबाईंनी दुसऱ्याकडून लिहून घेतली आहे. त्या म्हणतात, अध्यक्ष शालिकराम लोणारे हा माझा धाकटा भाऊ. गुरुवारी त्याचं नाव नाही ऐकलं, तर तो बरा आहे हे मला कोण सांगणार?"

तुम्हाले खरं सांगते, हे उठले. भिंत धरून, पण उठले. म्हणाले, "साहेब, तो मीच. शालिकराम लोणारे. तिचा भाऊ मीच. लिहायचं ते माझ्या नावापुढं लिहा, पोरीच्या कागदावर काही नका लिहू. तिनं काही नाही केलं." अन् रडले. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्याईले एवढं मोठ्यानं बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

पोलीस म्हणाला, "बसा काकाजी, मले केव्हाच समजलं. खोलीत दुसरं कोण थरथरून राहिलं आहे?" अन् पेन उचललं. "चिठ्ठी लिहिली तर मी काय लिहिणार? ते सोडा. मले दोन नावं पायजे. ह्या रेडिओवाल्याईत कोणी ह्या गल्लीतलं आहे का?" तेवढ्यात रेडिओच बोलला, "मनीषनगरहून, अध्यक्ष शालिकराम लोणारे, सौ. शामला, कुमारी नूपुर, आणि कांताबाई..." समोरच्या कांताबाई! पापड वाळवता वाळवता कार्ड लिहिलं म्हणे! अन् कोपऱ्यावरचा रोशन, इस्त्रीवाला! दोघांनी येऊन ठसठशीत सह्या केल्या. कांताबाई तर म्हणाली, "नाव साऱ्या नागपुरानं ऐकलं, आता सहीले काय भ्यायचं वं?"

पोलीस निघाला. मी दारापर्यंत गेली. तो थांबला, इकडेतिकडे पाहिलं, टोपी हातात घेतली अन् हळूच म्हणाला, "काकू, आमची माय गावाकडे हाच रेडिओ ऐकते. एक चिठ्ठी माझ्याकडूनबी टाका. पण सारं करा काकू, माझं नाव तेवढं नका घेऊ." त्याच्या छातीवरच्या पट्टीवर नाव होतं, मी वाचलं, पण तुम्हाले सांगणार नाही.

नूपुरची ऑर्डर आली. तास काही बंद नाही झाला, 'पुढील आदेशापर्यंत' सुरू आहे. आता हे त्या पुढच्या आदेशाले भेऊन राहिले. नंदिनीचं नाव मात्र पुढच्या महिन्याच्या ड्यूटीच्या यादीत नाही आलं. तिनं दोनशे अकरा नावं वाचली, अन् तिचंच गेलं. ते कळलं त्या दिवशी ह्याईनं एक कार्ड घेतलं. उजव्या हातानं. 'नंदिनीले परत घ्या.' हात एवढा थरथरून राहिला होता की अक्षर डाव्या हाताचं वाटे, पण खाली नाव लिहिलं, पूर्ण, पत्त्यासकट, जावक क्रमांकासकट. अन् टाकून आले, दुपट्टा न बांधता. मंग येऊन संडासात जाऊन बसले, ते वेगळं.

तर तुम्हीही टाका एक-एक कार्ड, नंदिनीसाठी. विचारलंच कोणी, कोणं सांगितलं म्हणून, तर सारं सांगा, माझं नाव तेवढं नका... जाऊ द्या बाई, घ्या. अध्यक्षाच्या मागं लागून दोनशे अकरा वेळा रेडिओवर येऊन गेलं, आता लपवू कोणापासून!